जमाखर्च जाणणारी नायिका : 'द रूबी इन द स्मोक' आणि तिच्यामागचा इतिहास

ऐतिहासिक कादंबरीतील स्वतंत्र वृत्तीच्या नायिकेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लेखक आपल्या काळातील मुलगी उचलतो, तिला जुन्या काळचा झगा किंवा नऊवारी नेसवतो, आणि त्या काळी कुणाला सुचले नसते असे विचार तिच्या तोंडी घालतो, असे टीकाकार म्हणतात. किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांबाबत तर हा आक्षेप अधिकच जोराने येतो, कारण तिथे वाचक मुलीला नायिकेत स्वतःला पाहता यावे अशी प्रकाशकांची उघड इच्छा असते. आक्षेप पुष्कळदा खरा असतो. परंतु तो खरा आहे की नाही हे नायिकेच्या तोंडच्या वाक्यांवरून ठरवता येत नाही, असे आमचे मत आहे. तिचे स्वातंत्र्य कशाचे बनले आहे, ती कशावर जगते, तिला काय येते, कायदा तिला काय करू देतो आणि काय करू देत नाही, हे पाहावे लागते. या दृष्टीने फिलिप पुलमन यांच्या 'द रूबी इन द स्मोक' या १९८५ सालच्या कादंबरीकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुलमन हे नाव आपल्याकडील वाचकांना 'हिज डार्क मटेरियल्स' या १९९५ ते २००० या काळात आलेल्या कादंबरीत्रयीमुळे परिचित असते. त्याआधी ते ऑक्सफर्डमध्ये शाळामास्तर होते आणि शाळेतील मुलांसाठी दरवर्षी नाटक लिहीत असत. 'रूबी'चा उगम अशाच एका शाळकरी नाटकात आहे, आणि कादंबरी वाचताना तो लपत नाही. खलपात्रे ठसठशीत आहेत, प्रवेशाच्या शेवटी पडदा पडावा तशी प्रकरणे संपतात, योगायोगांची रेलचेल आहे. त्या काळी लंडनमध्ये एका पेनीला मिळणारी रक्तरंजित गोष्टींची साप्ताहिके असत. कादंबरीतील जिम टेलर नावाचा कचेरीतला पोऱ्या त्यांचा भक्त आहे, आणि आपण स्वतः अशाच एका गोष्टीत आहोत याचा त्याला मनापासून आनंद होतो. पुलमन यांनी हा बाज मुद्दाम पत्करला आहे. त्या भडक कापडाच्या आत मात्र त्यांनी एक वेगळीच गोष्ट शिवली आहे.

रहस्य उघड केल्यावाचून ती सांगता येणार नाही, तेव्हा ज्यांना कादंबरी आधी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावे.

१८७२ सालचा ऑक्टोबर महिना. सोळा वर्षांची सॅली लॉकहार्ट लंडनच्या व्यापारी भागातील 'लॉकहार्ट अँड सेल्बी' या जहाजी मालाच्या अडत कंपनीच्या कचेरीत शिरते. कंपनीत भागीदार असलेले तिचे वडील पूर्वेकडील समुद्रात जहाज बुडून वारले आहेत, आणि त्यानंतर तिच्या हाती एक अशुद्ध अक्षरातली चिठ्ठी आली आहे. चिठ्ठीत 'सात आशीर्वाद' असे दोन गूढ शब्द आहेत. ती कंपनीच्या चिटणिसाला त्यांचा अर्थ विचारते आणि तो वृद्ध गृहस्थ भीतीने जागीच मरून पडतो. इथून पुढे अफूचा धंदा, चिनी गुप्त मंडळी, वॉपिंगच्या धक्क्यावर खाणावळवजा घर चालवणारी मिसेस हॉलंड ही दुष्ट म्हातारी, हिंदुस्थानातून आलेले एक माणिक आणि सॅलीला लहानपणापासून पडणारे एक भयंकर स्वप्न असे धागे एकमेकांत गुंतत जातात.

सॅलीचे शिक्षण हा कादंबरीतला पहिला महत्त्वाचा तपशील. इंग्लंडातील मध्यमवर्गीय मुलीला जे यायला हवे त्यातले तिला काही येत नाही. फ्रेंच नाही, संगीत नाही, चित्रकला नाही. वडील पूर्वी लष्करात होते. त्यांनी तिला युद्धातील डावपेच शिकवले, घोड्यावर बसायला शिकवले, कामापुरती हिंदुस्थानी भाषा शिकवली, शेअरबाजाराचे व्यवहार आणि जमाखर्च शिकवला, आणि हातात बेल्जियन बनावटीचे एक छोटे पिस्तूल दिले. वाचकाच्या लक्षात राहते ते पिस्तूल. आमच्या मते मात्र या यादीतील खरे हत्यार जमाखर्च हे आहे. वडिलांच्या माघारी दूरच्या एका नातलग बाईच्या घरी आश्रितासारखे राहण्याचा कंटाळा येऊन ती बाहेर पडते, आणि फ्रेडरिक गार्लंड या तरुण छायाचित्रकाराच्या घरी तिला थारा मिळतो. तो तिला थारा देतो याचे कारण त्याचा धंदा बुडीत चालला आहे आणि हिशेब पाहणारे घरात कोणी नाही. फ्रेडरिक कलावंत आहे, थकलेली बिले कुठेतरी कोंबून ठेवणारा. सॅली कीर्द-खतावणी मांडून बसते, कोणता माल विकला जाईल ते पाहते, आणि दोन भिंगांतून पाहिल्यावर उठावदार दिसणाऱ्या जोडचित्रांच्या, म्हणजे स्टिरिओस्कोपच्या, मालिका काढायला लावते. नाटकी प्रसंग सजवून काढलेली अशी चित्रे त्या काळी खरोखरच घरोघर विकत घेतली जात. दिवाणखान्यातली ती करमणूक होती.

आता प्रश्न असा की, १८७२ साली मुलीने जमाखर्च शिकणे ही लेखकाची चैन आहे काय? तशी ती नाही. १८५९ साली लंडनमध्ये स्त्रियांना रोजगार मिळवून देण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. जेसी बाउचरेट आणि कवयित्री अ‍ॅडिलेड प्रॉक्टर यांचा तिच्यात पुढाकार होता. या संस्थेने मुलींसाठी जे वर्ग काढले त्यात जमाखर्चाचा वर्ग प्रमुख होता. त्यामागचा विचार रोकडा होता. लग्न न झालेल्या मध्यमवर्गीय स्त्रीपुढे तोवर गव्हर्नेस होणे आणि शिवणकाम करणे एवढे दोनच मार्ग होते, आणि दोन्हींत उपासमार ठरलेली. दुकाने आणि कचेऱ्या वाढत होत्या, तिथे हिशेबनीस लागत होते. १८६० मध्ये एमिली फेथफुल हिने स्त्रियांना खिळे जुळवायला शिकवून छापखाना काढला. १८६५ मध्ये एलिझाबेथ गॅरेट हिने औषधविक्रेत्यांच्या मंडळाच्या नियमांतली फट शोधून वैद्यकीचा परवाना मिळवला (मंडळाने लगोलग ती फट बुजवली), आणि १८७० मध्ये ती लंडनच्या स्कूल बोर्डावर निवडून आली. गर्टन कॉलेजची सुरुवात १८६९ सालची. म्हणजे सॅली ज्या वर्षी त्या कचेरीच्या पायऱ्या चढते, त्या वर्षी लंडनमध्ये तिच्यासारख्या मुली संख्येने थोड्या, पण खऱ्या होत्या.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. सॅलीला जे काही येते ते सगळे वडिलांकडून आलेले आहे. आईची जागा रिकामी आहे. पुरुषाने पुरुषी विद्या दिल्याखेरीज मुलगी स्वतंत्र होत नाही, असा एक नकळत निघणारा अर्थ इथे आहे, आणि असल्या कादंबऱ्यांत तो पुन्हापुन्हा भेटतो. फ्रेडरिकची बहीण रोझा नाटकात काम करून पोट भरते. ती या अर्थाला थोडा शह देते, पण थोडाच.

शिक्षणानंतर कायदा. इंग्लिश रूढ कायद्यानुसार लग्न होताच पत्नीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिची जंगम मालमत्ता त्याची होई, स्थावराचे उत्पन्न तो घेई, ती स्वतःच्या नावाने करार करू शकत नसे. श्रीमंत घराण्यांनी यातून विश्वस्तांची वाट काढली होती, ज्यांना वकील परवडत नसे त्यांना ती वाट नव्हती. १८७० च्या कायद्याने विवाहित स्त्रीची स्वतःची मजुरी आणि कमाई तिची ठरली, मृत्युपत्राने आलेली २०० पौंडांपर्यंतची रक्कम तिची ठरली, त्यापलीकडे फारसे काही नाही. पूर्ण हक्क देणारा कायदा १८८२ मध्ये झाला आणि १ जानेवारी १८८३ पासून अमलात आला. या सगळ्यात गंमत अशी की, अविवाहित सज्ञान स्त्रीला मालमत्तेचे हक्क जवळजवळ पुरुषासारखेच होते. म्हणजे जिच्यावर समाज दया दाखवी ती प्रौढ कुमारिका कायद्याने व्यक्ती होती, आणि जिचा सन्मान करी ती गृहिणी नव्हती.

ही गोष्ट माहीत असल्यावाचून सॅलीच्या पुढच्या कथेचा अर्थ लागत नाही. १८७८ मध्ये घडणाऱ्या 'द शॅडो इन द नॉर्थ' या दुसऱ्या भागात ती लंडनमध्ये स्वतःची कचेरी थाटून लोकांना गुंतवणुकीचा सल्ला देते. फ्रेडरिकवर तिचे प्रेम आहे, तरीही ती लग्नाला नकार देत राहते. आधुनिक वाचकाला यात मानीपणा दिसतो. मानीपणा आहेच, पण त्यामागे हिशेब आहे. लग्न केल्याने तिचा धंदा आणि तिचे भांडवल यांचे काय होईल हे तिच्याइतके कुणाला कळणार?

आणि १८८१ मध्ये घडणाऱ्या 'द टायगर इन द वेल' या तिसऱ्या भागात तर पुलमन यांनी कायद्यालाच खलपात्र केले आहे. फ्रेडरिक मरण पावला आहे, त्याच्यापासून झालेली मुलगी सॅली एकटीने वाढवते आहे. एके दिवशी तिच्या हाती न्यायालयाचे कागद पडतात. पॅरिश नावाचा एक अपरिचित इसम म्हणतो की ही माझी विवाहित पत्नी आहे, मुलगी माझी आहे, आणि मला घटस्फोट व मुलीचा ताबा हवा. चर्चच्या विवाहनोंदणीत तसा दाखलाही घुसडलेला आहे. वरवर पाहता हा शुद्ध मेलोड्रामा वाटेल. पण इंग्लिश कायदा माहीत असलेल्या वाचकाला त्यातली कारागिरी जाणवते. विवाहबाह्य संततीवर त्या कायद्यात बापाचा हक्क नसे, मूल आईकडेच राही. औरस मुलावर मात्र पहिला हक्क बापाचा, आई न्यायालयाकडे फार तर याचना करू शके. तेव्हा सॅलीला लुबाडायचे तर आधी तिला कागदोपत्री कुणाची तरी पत्नी करणे भाग आहे. पत्नी झाली की मुलगी गेली, आणि पाठोपाठ पैसाही. कथेचे साल १८८१ ठेवले आहे, १८८३ नव्हे, हा निव्वळ योगायोग असेल असे आम्हाला वाटत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी एक खरा खटला आठवल्यावाचून राहणार नाही. सॅलीच्या काल्पनिक खटल्यानंतर तीनच वर्षांनी, १८८४ मध्ये, मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि नवऱ्याच्या घरी कधीच नांदायला न गेलेल्या रखमाबाईंनी तिथे जाण्यास नकार दिला होता. त्यांच्या नावे वडिलांकडून आलेली मालमत्ता होती, आणि वादाच्या मुळाशी तीही आहे असे दोन्ही बाजू आपापल्या परीने म्हणत होत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, १८८६ च्या अपिलात तो निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. ज्या तत्त्वावर हा दावा उभा होता ते हिंदू धर्मशास्त्रातून आलेले नव्हते. ते इंग्लंडच्या धर्मपीठांच्या कायद्यातून आलेले होते, आणि खुद्द इंग्लंडात अशा प्रकरणी तुरुंगवास देणे १८८४ च्या कायद्याने बंद झाले होते. मायदेशी टाकून दिलेला दांडा वसाहतीत चालू राहिला. १८७४ मध्ये हिंदुस्थानसाठी विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा जो कायदा झाला तोही हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख, जैन स्त्रियांना लागू नव्हता. (आपल्याकडे स्त्रीधनाची कल्पना होती, तेव्हा त्या बाबतीत आपल्या आज्या-पणज्या इंग्लिश मडमांच्या एक पाऊल पुढे होत्या, असे त्या काळचे सनातनी अभिमानाने सांगत. प्रत्यक्षात ते स्त्रीधन कुणाच्या पेटीत असे, हा वेगळा विषय.)

रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. ज्या कॉलेजात त्या शिकल्या त्याची प्रमुख होती तीच एलिझाबेथ गॅरेट, आता गॅरेट अँडरसन. १८९४ मध्ये शिक्षण पुरे करून त्या परतल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी डॉक्टर म्हणून आयुष्य काढले. स्वतंत्र नायिका ही नंतरच्या शतकाने मागच्या शतकावर लादलेली कल्पना आहे असे म्हणणाऱ्यांपुढे हे चरित्र ठेवावे.

आता मूळ कादंबरीच्या काळ्या बाजूकडे वळू. नावातील 'स्मोक' म्हणजे धूर, आणि लंडनच्या बोलीत 'स्मोक' म्हणजे लंडनच. परंतु हा धूर अफूचाही आहे. सॅलीच्या वडिलांना आपल्या कंपनीच्या पूर्वेकडील व्यवहारात काही काळेबेरे असल्याचा संशय येतो, त्याचा तपास करायला ते जातात, आणि म्हणून मारले जातात. ते काळेबेरे अफूचे आहे.

या व्यापाराचा इतिहास आपल्या घराच्या फार जवळचा आहे. बंगाल इलाख्यात अफू ही सरकारी मक्तेदारी होती. रयतेला आगाऊ उचल देऊन खसखशीची लागवड करून घ्यायची, पाटणा आणि गाझीपूर इथल्या कारखान्यांत तिचे गोटे करायचे, खसखशीच्याच पाकळ्यांत ते गुंडाळायचे, एका पेटीत चाळीस गोटे भरायचे, आणि कलकत्त्यात जाहीर लिलाव करायचा. लिलावानंतर माल चीनला कोण नेतो, कसा नेतो, याच्याशी सरकारचा संबंध नाही! पश्चिमेकडे मक्तेदारी जमली नाही, कारण माळव्याची अफू होळकर-शिंद्यांच्या आणि इतर संस्थानिकांच्या मुलखात पिकत होती. तेव्हा सरकारने मुंबई बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवान्याचा कर बसवला, आणि १८४३ मध्ये सिंध घेऊन कराची बंदराची वाट बंद झाल्यावर तो वाढवत नेला. मुंबईच्या व्यापारी पेढ्या या मालावर वाढल्या. सर जमशेटजी जीजीभाई आणि जार्डिन मॅथेसन कंपनी यांचा अफूचा व्यवहार प्रसिद्धच आहे. ज्यांच्या नावाच्या रुग्णालयात गोरगरीब मुंबईकरांच्या पिढ्या बऱ्या झाल्या आणि ज्यांच्या नावाच्या कलाशाळेत आपले चित्रकार घडले, त्यांच्या संपत्तीत चीनमधल्या व्यसनाचा वाटा आहे. १८३९ ते १८४२ आणि १८५६ ते १८६० या दोन युद्धांनी चीनचे दरवाजे फोडले, १८५८ मध्ये अफूची आयात कायदेशीर झाली. सॅलीच्या काळी हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलाचा सुमारे सहावा-सातवा हिस्सा एकट्या अफूतून येत होता. त्याच सरकारच्या मायदेशात १८६८ च्या कायद्याने अफूवर 'विष' अशी चिठ्ठी लावणे सक्तीचे झालेले होते.

पुलमन यांना हे सगळे ठाऊक आहे आणि कादंबरी सरकारी व्यापाराकडे डोळेझाक करीत नाही. तरीही कथेचा भार अखेर पडतो तो एका गुप्त मंडळीवर आणि तिच्या क्रूर म्होरक्यावर. हा म्होरक्या, आ लिंग ऊर्फ हेन्ड्रिक व्हान ईडन, अर्धा चिनी आणि अर्धा डच आहे. पूर्वेकडून आलेला कारस्थानी खलपुरुष आणि लंडनमधला चंडोलखाना ही त्या शतकाची लाडकी चित्रे. डिकन्सच्या १८७० मधील अपूर्ण राहिलेल्या शेवटच्या कादंबरीची सुरुवातच चंडोलखान्यात होते. लंडनमधल्या चिनी खलाशांची वस्ती तेव्हा जेमतेम दोन-चार गल्ल्यांची होती, पण साहित्यात ती सगळ्या शहराला विळखा घालून बसलेली दिसते. ज्यांना अफू विकली गेली त्यांनाच अफूचे सूत्रधार ठरवणे ही त्या साहित्याची युक्ती होती. पुलमन त्या युक्तीची थट्टा करतात की तिचाच आधार घेतात, हे आम्हाला शेवटपर्यंत नीट ठरवता आलेले नाही. वर्गात शिकवताना हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मोकळा ठेवावा, त्यावर चांगली भांडणे होतात.

आणि माणिक. हिंदुस्थानातून आलेले शापित रत्न हा इंग्रजी रहस्यकथेचा जवळजवळ जन्मापासूनचा सोबती. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' १८६८ ची. तिची सुरुवात १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर झालेल्या लुटीने होते आणि शेवट तो हिरा सोमनाथाच्या मूर्तीवर परत चढल्याने. कोहिनूर लाहोरहून इंग्लंडला पोचून तेव्हा अठरा वर्षे झाली होती, आणि १८५८ च्या मार्चमध्ये लखनौच्या कैसरबागेत झालेली लूट 'टाइम्स'च्या विल्यम हॉवर्ड रसेल याने स्वतः पाहून लिहिली होती. पुलमन यांनी आपले माणिक याच लखनौशी जोडले आहे. अग्रपूर हे संस्थान काल्पनिक आहे. त्याचा महाराजा १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांच्या आश्रयाला असतो आणि रक्षणाचे मोल म्हणून कॅप्टन लॉकहार्टला माणिक देऊ करतो. इथवर सगळे पठडीतले आहे. पुढचे मात्र कॉलिन्सला सुचलेले नाही.

लॉकहार्टचा सोबती मेजर मार्चबँक्स अफूच्या आहारी गेलेला आणि कर्जात बुडालेला आहे. त्याला माणिक हवे आहे. त्याची एक तान्ही मुलगी आहे. लॉकहार्टला ती मुलगी हवी आहे. दोघांत अदलाबदल होते. ती मुलगी म्हणजे सॅली. जिने वडिलांकडून जमाखर्च शिकला, तिला अखेर कळते की एका व्यवहारात माल म्हणून आपणच लिहिले गेलो होतो, एका बाजूला माणिक आणि दुसऱ्या बाजूला आपण. उठावात बाळाला कवटाळून गोळीने मेलेल्या शूर आईची जी कथा ऐकत ती वाढली, तिचाही पायाच डळमळतो. लहानपणापासून पडणारे ते स्वप्न म्हणजे त्या रात्रीची आठवण, आणि ती पुरी आठवण्यासाठी सॅलीला अफूचाच धूर घ्यावा लागतो.

मिसेस हॉलंडही याच वहीतली एक नोंद आहे. तरुणपणी ती हिंदुस्थानात होती, सुंदर होती, आणि तिच्या सौंदर्याच्या बदल्यात हेच माणिक द्यायचे महाराजाने कबूल केले होते, असा तिचा दावा आहे. तेव्हा लंडन ब्रिजवर मध्यरात्री या दोघी समोरासमोर उभ्या राहतात, त्या वेळी माणिकाच्या किमतीत कधीकाळी मोजल्या गेलेल्या दोन बायका समोरासमोर असतात. म्हातारी तिचे मोल वसूल करायला आली आहे. सॅली माणिक थेम्समध्ये भिरकावते. म्हातारी त्यामागोमाग कठड्यावरून उडी घेते. किशोरवाचकाला हा प्रसंग थरारक वाटतो तो वाटूच दे. प्रौढ वाचकाने मूनस्टोनचा शेवट शेजारी ठेवून पाहावा. तिथे रत्न ज्याचे त्याला परत जाते आणि इंग्लिश घराचे मन हलके होते. इथे ते कुणालाच परत मिळत नाही. अग्रपूरच्या रयतेची आठवण तर दोन्ही बाजूंपैकी कुणालाच येत नाही, सॅलीलाही नाही.

माणिक गेले, पैसा मात्र राहतो. कॅप्टन लॉकहार्टने सॅलीसाठी ठेवलेली रक्कम तिला शेवटी सापडते आणि तिच्या बळावर छायाचित्रांचा धंदा उभा राहतो, सहा वर्षांनी कचेरीच्या दारावर तिच्या नावाची पाटी लागते. ही रक्कम जहाजी मालाच्या अडतीतून आलेली आहे. लॉकहार्ट स्वतः अफूच्या विरुद्ध होता, पण १८५७ नंतरच्या पंधरा वर्षांत पूर्वेच्या समुद्रात माल नेणाऱ्या कंपनीच्या भागीदाराच्या वाट्याला आलेल्या पौंडांपैकी किती चहाचे, किती कापसाचे आणि किती आणखी कशाचे, ही वजावट सॅलीने कुठे केलेली दिसत नाही. पुलमन यांनी तिला ती करू दिली असती तर कादंबरी किशोरांसाठी राहिली नसती असे काही जण म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. सोळाव्या वर्षी सॅलीला जे कळते ते पाहता, एवढी एक खतावणी तिला सहज मांडता आली असती.